बर्फाची पेटी आणि मिस्त्रीची मोटार

जालन्याच्या स्टेशनवर उतरलो तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, एक कातडी बॅग आणि एक लाकडी पेटी होती. वळकटी आणि बॅग मी हमालाच्या डोक्यावर दिली. पेटी मात्र दिली नाही. पेटीत लाकडाचा भुसा होता, भुशात गोणपाटात गुंडाळलेला बर्फ होता, आणि बर्फात काचेच्या सीलबंद कुप्या होत्या. कुप्यांत बुळकांडीवरची लस होती. बुळकांडी गोठ्यात शिरली की गोठा रिकामा करूनच बाहेर पडते. एकदा झाली की तिच्यावर औषध नाही. आधी टोचून घेतलं तरच जनावर वाचतं. आणि टोचायची लस थंड असेपर्यंतच जिवंत असते. बर्फ विरघळला, ऊन लागलं, की कुपीत उरतं ते नुसतं गढूळ पाणी.

१९३७ सालचा चैत्र होता. रोग गोदावरीच्या पलीकडच्या काठावर आला होता. नदीला पाणी गुडघाभर, तेव्हा तो अलीकडे यायला फार दिवस लागणार नव्हते. खात्याचे डॉक्टर पलीकडे आजारी गुरांत अडकले होते. अलीकडच्या वाटेवरचं पहिलं गाव वडगव्हाण, ते त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं. मी डॉक्टर नव्हतो. पुण्याला प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेला, आणि निजामाच्या राज्यात गुरांच्या खात्यात हंगामी नोकरीला लागलेला, टोचायला शिकलेला मदतनीस होतो. इथली भाषा मराठीच, पण राज्य दुसरं, नाणं दुसरं, कचेरीतले महिने दुसरे. इथले लोक मला ‘इंग्रजी मुलखातला’ म्हणत आणि मलाही ते खरं वाटे.

मला न्यायला खात्याची मोटार येणार होती. ती कुणा मोठ्या अधिकाऱ्याच्या दौऱ्याला गेली, असं स्टेशनमास्तरांनी सांगितलं. टांग्याने गेलो असतो तर बर्फ वाटेवरच्या अंबडच्या आधीच संपला असता. हमाल म्हणाला, ‘‘मिस्त्रीकडं बघा.’’

करीमुद्दीन मिस्त्रीचं पत्र्याचं शेड स्टेशनासमोरच होतं. लग्नाला, दवाखान्याला, दौऱ्याला तो मोटार भाड्याने देई.

‘‘गाडी है साब,’’ तो म्हणाला, ‘‘डरायवर नक्को पूछो. दुसरी गाडी लेके राजूर कू गया, चतुर्थी की सवारी है.’’

‘‘मी स्वतः चालवीन.’’

त्याने मला पायापासून टोपीपर्यंत पाहिलं. ‘‘आप? आप तो पढे-लिखे दिखते.’’

‘‘पुण्याला आमच्या प्रोफेसरांची मोटार मी दोन वर्षं चालवली आहे.’’

‘‘पुनेकी सडक अलग, साब. इधर सडक नै है, सडक का नाम है.’’

मोटार म्हणजे उघडी टूरर होती, वर कॅनव्हासचं छप्पर. डावीकडचं दार सुतळीने बांधलेलं. सगळ्या गाडीवर बोटभर धूळ, पण उजव्या बाजूचा पितळी भोंगा मात्र देवघरातल्या समईसारखा घासलेला. त्याचा काळा रबरी फुगा मिस्त्रीने प्रेमाने दाबून दाखवला. आवाज असा निघाला की शेडमधली कबुतरं उडाली.

‘‘इस भोंगे कू शहागड तक हर गाँव पैचानता,’’ मिस्त्री म्हणाला. ‘‘बजाए की रस्ता साफ. आदमी क्या, जनावर बी नै दिखता.’’

मला ती शिफारस वाटली. माझ्याजवळचे रुपये इंग्रजी, म्हणजे इथल्या भाषेत कलदार. ते पाहून त्याने पुढची चौकशी केली नाही. मी पेटी मागच्या बैठकीवर छपराच्या सावलीत ठेवली, तिच्यावर ओलं गोणपाट टाकलं, मिस्त्रीने हँडल मारलं आणि मी निघालो.

रस्ता मुरमाचा होता आणि बैलगाड्यांच्या चाकांनी त्यात दोन खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. मोटारीची चाकं त्या चाकोऱ्यांत बरोबर बसत नव्हती. डावं बसलं की उजवं मधल्या उंचवट्यावर चढे. त्यामुळे सगळा प्रवास गाडी एका अंगावर कलून करत होती आणि मी दुसऱ्या अंगावर कलून. मैलाचे दगड होते, पण आकडे उर्दू, आणि मला उर्दू येत नव्हतं. मग मी मोटारीच्या मैलमापकाकडे आणि दगडांकडे आळीपाळीने पाहू लागलो. एका दगडावर आपल्या शून्यासारखा गोल दिसला. अंबड आलं असं समजून मी गाडी थांबवली. चारी बाजूंना नुसती काळी जमीन. थोडं पुढे गेल्यावर उलगडा झाला की तो गोल त्यांचा पाच आहे आणि शून्याला ते नुसता ठिपका देतात. अंबड येईपर्यंत मला नऊही आकडे वाचता येऊ लागले होते आणि त्याचा मला फार आनंद झाला होता.

त्या आनंदात मी प्रत्येक गावाच्या अलीकडे मिस्त्रीच्या सांगण्याप्रमाणे भोंगा वाजवत होतो. रस्ता खरंच साफ मिळत होता.

अंबड मागे पडल्यावर मात्र मला एक गोष्ट खटकू लागली. एका शेतात नांगर तासात तसाच पडलेला होता. जू मातीत, बैल नाहीत. पुढे एका विहिरीवर मोट थारोळ्यात पडलेली. ती अजून निथळत होती, म्हणजे नुकतीच वर आलेली. ओढणारे बैल नाहीत. रस्त्याच्या कडेला एक भरलेली गाडी जू टेकवून उभी होती आणि गाडीवान चाकाला टेकून शांतपणे विडी ओढत होता, जणू त्याची गाडी आपली आपण चालत येऊन तिथे थांबली होती.

‘‘बैल कुठे गेले?’’ मी गाडी हळू करून विचारलं.

‘‘कंचे बैल?’’ तो म्हणाला.

रोग माझ्या आधी नदी ओलांडून आला आणि इथली गुरं दगावली, हाच पहिला विचार मनात आला. मी गाडी थांबवून खाली उतरलो. आकाशात एकही गिधाड नव्हतं. शिवारात मेलेलं जनावर कुठे दिसत नव्हतं, की कुजल्याचा वास नव्हता. बैलगाडीच्या जुवाजवळ शेण पडलं होतं. काडीने उकरून पाहिलं. आतून ओलं होतं, ताजं होतं आणि घट्ट होतं. बुळकांडीत जनावराला हगवण लागते. म्हणजे घटकाभरापूर्वी इथे बैल होते आणि ते चांगले धडधाकट होते. गाडीवान माझ्याकडे पाहत होता. मोटारीतून उतरून काडीने शेण उकरणारा साहेब त्याने यापूर्वी पाहिला नसावा.

बैल होते आणि नव्हते. याचं कारण मला सापडेना. मी पुढे निघालो.

वडगव्हाण मोठ्या रस्त्यापासून आत, एका कोरड्या ओढ्याच्या काठी होतं. वेशीजवळ मी भोंगा जरा जास्तच वाजवला, कारण गावाने जमावं अशी माझी इच्छा होती. गाव जमलंही. पारावर एक पांढऱ्या मिशांचे शेतकरी बसले होते. त्यांचं नाव रामराव, आणि गाव त्यांच्या शब्दाबाहेर नव्हतं हे बाकीच्यांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

‘‘राम राम, साहेब. बसा. आरं, पानी आना!’’

पाणी आलं. मी ते घटाघटा प्यालो आणि म्हणालो, ‘‘गावातले बैल कुठे आहेत?’’

‘‘बैल?’’ मी हत्ती मागितल्यासारखे ते माझ्याकडे पाहू लागले. ‘‘बैल न्हाईत गावात.’’

‘‘एकही नाही?’’

‘‘एकबी न्हाई. बिलकुल न्हाई.’’

‘‘मग शेती कशाने करता?’’

‘‘करतो कशीतरी, साहेब. गरिबाचं काय.’’

मागे कुणीतरी हसू दाबलं. मी सगळं सांगितलं. नदीपलीकडे बुळकांडी आली आहे, गोठेच्या गोठे बसले आहेत, माझ्याजवळ लस आहे, ती आज दिवस मावळायच्या आत टोचली पाहिजे. बुळकांडीचं नाव निघताच रामरावांनी कानाच्या पाळ्यांना हात लावला. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. ते म्हणाले, ‘‘सांगितलं ते बरं केलं. पर बैल शहागडच्या बाजाराला गेल्यात.’’

‘‘आज शहागडचा बाजार आहे?’’

‘‘उद्या हाय,’’ मागून एक जण म्हणाला. ‘‘जल्दी गेल्यात. जागा धराया.’’

‘‘आणि हे शेण?’’ माझ्या पायाजवळच ते होतं.

‘‘म्हशीचं.’’

‘‘म्हशी कुठे आहेत?’’

‘‘त्याबी गेल्या. बैलांसंगं.’’

आता सगळेच हसले, पण त्या हसण्यात मोकळेपणा नव्हता. मी मोटारीकडे गेलो आणि पेटी उघडून पाहिली. सकाळी विटेएवढे असलेले बर्फाचे तुकडे लिंबाएवढे झाले होते. थर्मामीटरचा पारा अजून हद्दीत होता, पण चढायला लागला होता. पुन्हा लस मिळायची तर ती पार उत्तरेतून, हिमालयाच्या पायथ्याकडून येणार. तोपर्यंत रोग या पारापर्यंत पोचलेला असता.

जमिनीवर खुरांचे ठसे होते, पुष्कळ आणि ताजे, आणि सगळे एकाच बाजूला, ओढ्याकडे गेलेले. शहागड उलट बाजूला होतं. मी कुणाला न विचारता मोटार त्या ठशांवरून ओढ्याकडे वळवली. पायी गेलो असतो तर बरं झालं असतं. पण पेटी एकट्याने एवढ्या लांब उचलून नेण्यासारखी नव्हती, आणि तिच्यावर सावली होती ती फक्त मोटारीच्या छपराची.

ओढ्याच्या मध्यावर पुढची चाकं वाळूत शिरली. मी इंजिन जास्त जोराने चालवलं, तशी मागचीही शिरली आणि गाडी रवंथ करायला बसलेल्या म्हशीसारखी आसांवर टेकली. मी बूट काढले, कोट काढला, धोतराचा काचा मारला. टोचणीची पितळी थाळी घेऊन वाळू उपसायला लागलो. जेवढी काढावी तेवढी बाजूने परत घसरत होती. मग बाभळीच्या फांद्या तोडून चाकांखाली घातल्या आणि मागे जाऊन ढकलायला लागलो. गाडी डुलली, पण हलली नाही.

‘‘काय करून राह्यलात, साहेब?’’

काठावर पन्नाशीची एक बाई उभी होती. डोक्यावर बाभळीच्या शेंगांची पाटी, मागे तीन-चार शेळ्या. किती वेळ उभी होती कोण जाणे.

‘‘गाडी काढतोय.’’

‘‘हातानं?’’

‘‘दुसरं काय आहे माझ्याजवळ?’’

‘‘शिपाई कुठं गेला?’’

‘‘शिपाई नाही.’’

‘‘डायवर?’’

‘‘मीच.’’

‘‘आन खानसामा? तुमच्या कोंबड्या मंग कोन कापतं?’’

‘‘मी कोंबडी खात नाही.’’

तिने पाटी खाली ठेवली आणि काठावर ऐसपैस बसली. ‘‘आगं बया! ना शिपाई, ना डायवर, ना कोंबडी. कसले वो साहेब म्हनायचे तुम्ही?’’

‘‘मी साहेब नाहीच.’’

‘‘मंग ही मोटार?’’

‘‘माझी नाही. जालन्याच्या मिस्त्रीची. तुम्ही टांगा ठरवता तशी ठरवून आणली.’’

‘‘मागून आनल्याली!’’ ती एवढ्या मोठ्याने हसली की शेळ्या बिचकल्या. मग वरच्या अंगाच्या बाभूळवनाकडे तोंड करून ओरडली, ‘‘आवो, या बाहीर! सायबाची मोटार बी मागून आनल्याली हाय, आन तोच ढकलून राह्यला!’’

बाभळींतून खांद्यावर घोंगडी टाकलेला एक उंच माणूस बाहेर आला. ती बाई गोपिकाबाई आणि तो तिचा नवरा मल्हारी, हे मला नंतर कळलं. मेंढ्या सोडून त्यांच्या घराने शेती धरली त्याला एकच पिढी झाली होती. तो हसत नव्हता. मोटारीला एक वळसा घालून तो भोंग्यापुढे थांबला.

‘‘ह्याला मी वळखतो,’’ तो म्हणाला. ‘‘मागल्या पेरनीच्या वक्ताला ह्योच वाजला. दौरा आल्ता. माझी गाडी-बैल वेठीला धरली. तंबू, पलंग, कोंबड्यांची खुराडी, सगळं माझ्या गाडीत. शहागडपतूर चल म्हनले. शहागडावरून फुडं, आन त्येच्या बी फुडं. माघारी आलो तवा वाफसा गेल्ता, लोकांची पेरनी होऊन गेल्ती. पाखऱ्याच्या मानंवर ही एवढी जखम. माझं एका सालाचं पीक गेलं. तवापसून भोंगा वाजला की बैल रानात. आमचंच न्हाई, अंबडापसून सगळ्या गावाचं.’’

नांगर, मोट, विडी ओढणारा गाडीवान, म्हशीचं शेण. सकाळपासून न सुटलेलं गणित एका दमात सुटलं. रोगाने कुणालाच पळवलं नव्हतं. मीच वाटेवरच्या प्रत्येक गावाला भोंगा वाजवून सांगत आलो होतो की बैल लपवा.

‘‘मी बैल न्यायला आलो नाही,’’ मी म्हणालो. ‘‘टोचायला आलोय. बुळकांडी येऊ नये म्हणून.’’

‘‘टोचून मेलं तर?’’

खात्याच्या छापील पत्रकात ‘काहीही अपाय होत नाही’ असं लिहिलेलं होतं. पण मी आकडे वाचलेले होते. ‘‘ताप येईल,’’ मी म्हणालो. ‘‘तीन-चार दिवस वैरण कमी खातील. आठवडाभर कामाला जुंपायचं नाही. शेकड्यांत एखादं अशक्त जनावर दगावतंसुद्धा. पण न टोचता रोग आला तर शेकड्यांत मोजकीच उरतील.’’

मल्हारीने बायकोकडे पाहिलं. ‘‘सरकारी मानूस आसता तर म्हनला आसता काहीच होत न्हाई.’’

‘‘आन आठ दिस जुंपू नका म्हन्तो,’’ गोपिकाबाई म्हणाली. ‘‘वेठीचा मानूस जुंपू नका म्हनंल व्हय?’’

‘‘म्हनाया काय लागतं? उद्या ह्योच भोंगा वाजवीत दुसरा येतो.’’

मी पेटी उघडली, कारण मला वेळेची काळजी होती. गोपिकाबाई उतरून जवळ आली आणि वाकून आत पाहू लागली.

‘‘भुशात काय हाय ह्ये?’’

मी एक तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. तिने किंचाळून हात झटकला, मग तोच तुकडा वाळूतून उचलून पदराने पुसला आणि पुन्हा तळहातावर घेतला.

‘‘गार हाय ही! गारपिटीची! चैतात कुठून आनली?’’

‘‘कारखान्यात करतात. हे औषध गार असेपर्यंतच जगतं. ही विरघळली की ते मेलं.’’

‘‘औषध जितं आसतं?’’

‘‘हे असतं.’’

ती तळहातावरून बोटांमधून गळणारं पाणी पाहत राहिली. तुकडा बोराएवढा झाला, मग हरभऱ्याएवढा, मग नुसता ओला हात उरला. तो ओला हात तिने नवऱ्याच्या दंडावर ठेवला. मल्हारी दचकला.

‘‘आत एवढीच राह्यलीय,’’ ती त्याला म्हणाली. ‘‘आता काय ती जल्दी बोला.’’

मी बॅगेतून पेचकस काढला. भोंगा दोन स्क्रूंवर बसवलेला होता. ते काढून भोंगा आणि त्याचा रबरी फुगा दोन्ही मी मल्हारीच्या पुढे धरले. ‘‘हा तुमच्याजवळ ठेवा. मिस्त्रीला काय सांगायचं ते मी बघीन.’’

मल्हारीने तो दोन्ही हातांत घेतला आणि उलटासुलटा करून पाहिला. एवढ्या मोठ्या आवाजाची वस्तू इतकी हलकी असेल असं त्याला वाटलं नसावं. त्याने भोंगा बायकोच्या पाटीत शेंगांखाली घातला आणि बाभळीत शिरला. परत आला तो दोन बैल घेऊन. पुढचा पांढरा, त्याचं नाव चांद्या. मागचा करडा, मानेवर केस न उगवलेला एक चट्टा असलेला. तो पाखऱ्या, हे सांगायची गरज नव्हती.

‘‘आधी ह्या म्हशीला काढू,’’ तो मोटारीकडे बोट दाखवून म्हणाला.

पाखऱ्याच्या चट्ट्यावर जू टेकू नये म्हणून त्याने आपली घोंगडी घडी करून मध्ये घातली. मोटारीच्या पुढच्या आसाला दोर बांधला. मी मागून खांदा लावला, गोपिकाबाईनेही लावला. मल्हारीने जिभेने एक आवाज काढला, बैलांनी माना खाली घातल्या आणि मोटार वाळूतून चिखलातल्या पायासारखी सटकन वर आली.

‘‘आता सुरू करतो,’’ मी म्हणालो.

‘‘नगं,’’ मल्हारी म्हणाला. ‘‘मोटारीचा आवाज आला तर बाकीची बैलं पार गोदागंगेपतूर जातील. अशीच चलू द्या. तुम्ही म्होरं चाला.’’

म्हणून आम्ही वडगव्हाणात शिरलो ते असे. पुढे अनवाणी मी, मग मल्हारी, मग चांद्या-पाखऱ्या, त्यांच्यामागे बंद मोटार, आणि मोटारीत एका हाताने पेटीवरचं गोणपाट धरून बसलेली गोपिकाबाई. शेळ्या मागून चालत होत्या.

पारावरून एक हसू फुटलं आणि ते गावभर पसरलं. बायका दारांत आल्या. ‘‘गोपिके, साहेबीन झालीस का गं?’’ एकीने विचारलं. ‘‘साहेब पायी चालून राह्यला, मी बसले,’’ ती वरूनच म्हणाली. ‘‘गप पानी तापवा. सुया उकळायच्यात.’’

मल्हारीने ओढ्याकडे तोंड करून तोंडाला हात लावले आणि मेंढरं परतवताना घालतात तशी लांब साद घातली. पलीकडच्या रानातून तशीच साद परत आली. मग बाभळीतून, कडब्याच्या गंजींमागून, दरडीखालून बैल निघू लागले. दोन, चार, आठ, मग मोजायला सवडच उरली नाही.

रामराव पारावरून उठून खाली आले. ‘‘आली वाटतं बाजारातून,’’ मी म्हणालो.

‘‘आली,’’ ते जराही न लाजता म्हणाले. ‘‘गिऱ्हाईक बराबर न्हाई मिळालं.’’

कुपी फोडायची, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यात लस मिसळायची, ती ऊन व्हायच्या आत टोचून संपवायची, मग पुढची कुपी. सगळ्यांत आधी पाखऱ्याला टोचलं. तसा मल्हारीचाच हट्ट होता. चट्ट्यापासून दूर, मानेच्या दुसऱ्या बाजूला कातडी चिमटीत धरून सुई घातली. पाखऱ्याने फक्त कान हलवला. मल्हारीने मात्र डोळे मिटून घेतले होते. टोचलेल्या जनावराच्या शिंगावर गोपिकाबाई गेरूचा पट्टा ओढत होती. शेजारच्या वाडीला कुणी निरोप नेला होता, तिथलेही बैल येऊ लागले. शेवटची कुपी फोडली तेव्हा पेटीत बर्फ नव्हता. भुशातलं पाणी अजून गार होतं आणि पारा हद्दीत होता. रांगेतला शेवटचा गोऱ्हा टोचून झाला तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या.

भाकरी खाताना गोपिकाबाईने विचारलं, ‘‘नाव काय तुमचं?’’

‘‘हेरंब.’’

‘‘म्हंजी?’’

‘‘गणपतीचंच एक नाव आहे.’’

‘‘मंग गनपती म्हनावं सरळ. राजूरला एवढा मोठा बसलाय, त्येला कुनी हेरंब म्हनतं का?’’ आणि आणखी अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवत म्हणाली, ‘‘खा, लेकरा.’’

जालन्याला मिस्त्री मोटारीभोवती दोनदा फिरला. ‘‘भोंगा किधर है?’’

‘‘वडगव्हाणला राहिला. त्याची भरपाई मी करतो.’’

‘‘भोंगे बगैर गाडी, साब? ये तो बकरी हो गई!’’ पण घडलेलं सगळं सांगितल्यावर तो गंभीर झाला. ‘‘मैं समझता था लोगां अदब से हटते,’’ तो म्हणाला. त्याने दुसरा भोंगा बसवला तो साधा, बारीक आवाजाचा.

पंधरवड्याने मी तीच मोटार घेऊन पुन्हा निघालो. बातम्या चांगल्या नव्हत्या. रोग नदी ओलांडून अलीकडे आला होता आणि कुठलीशी भटकी गाय वडगव्हाणच्या ओढ्यात येऊन मेली होती. तिला पुरलं होतं. पण त्याआधी गावची गुरं त्याच ओढ्यातल्या झऱ्यावर पाणी प्यायली होती. मी प्रयोगशाळेत कितीही काळजीने मांडला असता तरी याहून कडक प्रयोग मांडता आला नसता. वाटभर मी दगडांवरचे आकडे वाचत होतो आणि पाचाच्या गोलाशी या वेळी थांबलो नाही.

वेशीच्या अलीकडे मोटार थांबवून, पेटी बगलेत घेऊन मी पायी निघालो. या खेपेला पेटी लहान होती. तेवढ्यात गावातून तो आवाज आला. कबुतरं उडवणारा तोच भोंगा! मी जागीच थांबलो. आता बैल पळणार. पण कुणी पळालं नाही. ओढ्याच्या काठी एक जोडी नांगराला जुंपलेली होती. ती तास संपवून वळली आणि पुन्हा सरळ माझ्याच दिशेने येऊ लागली. पुढचा पांढरा होता, मागचा करडा.

‘‘लांबूनच दिसलात,’’ मल्हारी नांगरावरून म्हणाला. ‘‘गोपीनं वाजवला. आमचा मानूस आला की वाजवायचा, आसं ठरलंय.’’

‘‘गुरं?’’

‘‘चार दिस ताप होता. बराबर तुम्ही म्हनला तसाच. रामरावाची एक म्हातारी गाय गेली. बाकी समदी उभी हायेत.’’ त्याने पाखऱ्याच्या पाठीवर थाप मारली. ‘‘ह्यो तर आता दोघांचं खातो.’’

मी पाखऱ्याची नाकपुडी पाहिली, डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या. कुठे स्राव नाही, फोड नाही, हिरड्या गुलाबी. पुन्हा एकदा पाहिलं. मग बांधावर बसलो.

गोपिकाबाई भोंगा काखेत मारून धावतच आली. तिच्यामागे पाच-सहा बायका होत्या. ‘‘लेकरा,’’ ती म्हणाली, ‘‘गार आनली का? ह्या खरं मानंनात. चैतात गार म्हन्ल्यावर मला येड्यात काढून राह्यल्या.’’

पेटीत या वेळी लस नव्हती, नुसता बर्फ होता. मी भुसा बाजूला केला. पहिला तुकडा तिने स्वतः उचलला, सवय असल्यासारखा, आणि शेजारणीच्या हातावर ठेवला. किंचाळी, हसू, मग दुसरा हात, तिसरा हात. शेवटी बोराएवढा उरलेला तुकडा फिरत फिरत मल्हारीकडे आला. त्याने तो पाखऱ्याच्या नाकासमोर धरला. पाखऱ्याने एकदा हुंगला, मान मागे घेतली, पुन्हा पुढे आणली आणि खरखरीत जिभेने मल्हारीचा सगळा तळहात चाटून काढला.